हवाई दलाचे उपप्रमुख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई दलाबद्दल बोलायला शाळा-कॉलेजांत जातो तेव्हा मुलांचे पहिले प्रश्न विमानांचे असतात, मग हवाई दल प्रमुखांचे. उपप्रमुखांची आठवण सहसा कुणाला होत नाही. झालीच तर, “प्रमुख नसले की त्यांच्या खुर्चीत बसणारे, तेच ना?” असं विचारलं जातं. मला हे मनापासून खटकतं. ही खुर्ची म्हणजे पाळी येईपर्यंत बसायची जागा नव्हे. हवाई दलाचा संसार रोजच्या रोज चालतो तो इथून. गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

उपप्रमुख म्हणजे नेमके कोण?

भारतीय हवाई दलाच्या मुख्यालयात प्रमुखांच्या खालोखालचं पद. पूर्ण नाव ‘व्हाइस चीफ ऑफ द एअर स्टाफ’. हुद्दा एअर मार्शलचा, कार्यालय दिल्लीत वायु भवनात.

यातला ‘स्टाफ’ हा शब्द आपल्याला फसवतो. आपण स्टाफ म्हणतो ते ऑफिसातल्या किंवा शाळेतल्या कर्मचाऱ्यांना. सैन्यात कामाचे दोन मोठे प्रवाह असतात, कमांड आणि स्टाफ. कमांडवरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली तळ, विमानं आणि माणसं असतात. स्टाफवरचा अधिकारी योजना आखतो, पैशाची तजवीज करतो, शत्रूची माहिती जुळवतो आणि कुठे काय कमी पडतंय ते वेळेआधी सांगतो. पेशवाई आठवा. मोहिमेवर सरदार जात, पण खर्चाची तरतूद, फौजेचा हिशोब आणि पत्रव्यवहार पुण्याच्या फडावर चाले. फड ढिला पडला तर सरदार कितीही शूर असला तरी वाटेतच अडायचा. हवाई दलाच्या अशा फडाची रोजची सूत्रं उपप्रमुखांकडे असतात.

पेपरात कधीकधी दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना उपप्रमुख म्हटलेलं दिसतं. दोन उपप्रमुख असतात का?

पदं दोन आहेत आणि मराठीत दोघांसाठी एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे हा घोळ होतो. एक ‘व्हाइस चीफ’, दुसरे ‘डेप्युटी चीफ’. दोघेही एअर मार्शल, पण मुख्यालयाच्या उतरंडीत व्हाइस चीफ वर. ढोबळमानाने सांगायचं तर आज लढायची तयारी, म्हणजे मोहिमा, हवाई संरक्षण, गुप्तवार्ता हा भाग व्हाइस चीफकडे जातो; उद्या लागणारी विमानं आणि शस्त्रं घेण्याच्या योजना डेप्युटी चीफकडे.

राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही दोन्ही पदं सांभाळली. ३६ राफेल विमानांच्या खरेदीची बोलणी करणाऱ्या भारतीय पथकाचं नेतृत्व त्यांनी केलं ते डेप्युटी चीफ असताना. व्हाइस चीफ ते १ मे २०१९ रोजी झाले. बातमी वाचताना मूळ इंग्रजी पदनाम ‘व्हाइस’ आहे की ‘डेप्युटी’, एवढं बघा. या पानावर उपप्रमुख म्हणजे व्हाइस चीफ.

हे पद कधीपासून आहे?

हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं प्रमुखपदी ब्रिटिश अधिकारीच होते. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख झाले. त्याआधी ते मुख्यालयात डेप्युटी चीफ होते, म्हणजे डेप्युटीचं पद जुनं. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर हवाई दल वाढवायचं ठरलं, मुख्यालयावरचा भार वाढला. अर्जन सिंग त्या युद्धाच्या अखेरीस डेप्युटी चीफ झाले, १९६३ मध्ये व्हाइस चीफ आणि १ ऑगस्ट १९६४ रोजी प्रमुख.

या पदाची खरी कसोटी लागली ती १९६५ मध्ये. अर्जन सिंग प्रमुख आणि प्रतापचंद्र लाल उपप्रमुख अशी ती जोडी. १ सप्टेंबरला जम्मूच्या सीमेवर छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं झेपावली. पहिल्याच संध्याकाळी आपली चार व्हँपायर लढाऊ विमानं पडली. कुठली विमानं पुढे धाडायची आणि कुठली मागे ठेवायची, याचा हिशोब त्या दिवसांत मुख्यालयाला नव्याने मांडावा लागला. पुढे १९७१ च्या युद्धात हेच लाल हवाई दल प्रमुख होते. मला १९७१ चं यश १९६५ च्या त्या अनुभवापासून वेगळं काढता येत नाही.

उपप्रमुख दिवसभर करतात तरी काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

हवाई दलाला मंजुरी आहे ती लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रनची, म्हणजे तुकड्यांची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि आकडा २९ वर आला. म्हणजे तेरा स्क्वाड्रनची तूट. प्रमुख ती तूट सरकारपुढे आणि देशापुढे मांडतात. पण आज, आत्ता, आहे त्या २९ मध्ये पश्चिम आणि उत्तर अशा दोन्ही सीमा राखायच्या कशा? कुठलं विमान दुरुस्तीला किती दिवस थांबलंय, सुटा भाग कशामुळे अडलाय, क्षेपणास्त्रांचा साठा किती दिवस पुरेल, नवे वैमानिक कुठल्या तळावर तयार करायचे? असल्या प्रश्नांची गाठ उपप्रमुखांच्या टेबलावर पडते. एकेका शाखेचं उत्तर त्या त्या शाखेकडे असतं. सगळ्या उत्तरांची बेरीज करून “हो, सज्ज आहोत” किंवा “इतक्या दिवसांनी होऊ” असं सांगणारा माणूस एकच लागतो.

पैशाचे अधिकारही लक्षणीय आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांचे आर्थिक अधिकार वाढवले, तेव्हा उपप्रमुखांची कमाल मर्यादा ५०० कोटी रुपये ठरली. त्याआधी २०२० मध्ये, लडाखच्या तणावाच्या काळात, तातडीच्या भांडवली खरेदीसाठी दलांना ३०० कोटींपर्यंतचे अधिकार दिले गेले होते. फाइल मंत्रालयात फिरवत बसायला सीमेवरची परिस्थिती वेळ देत नाही, म्हणून ही सोय. सही करणाऱ्याच्या डोक्यावर मात्र हिशोब तपासणाऱ्यांची टांगती तलवार असतेच.

तिन्ही दलांच्या उपप्रमुखांचं एकमेकांशी बोलणंही सतत चालू असतं. याच्या बातम्या होत नाहीत, आणि होऊही नयेत.

प्रमुख परदेशी गेले तर?

त्यांचं काम उपप्रमुख बघतात, आणि ही काही नुसती उपचाराची गोष्ट नसते.

मे १९९९ चं उदाहरण घ्या. ते लष्कराचं आहे, पण उपप्रमुखाच्या खुर्चीचं वजन त्यात दिसतं. कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर बसलेत हे हळूहळू उघड होत होतं आणि लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक १० मेपासून परदेश दौऱ्यावर होते. त्या दिवसांत लष्कराचा गाडा उपप्रमुख लेफ्टनंट जनरल चंद्रशेखर हाकत होते. हवाई दलाकडे सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी त्यांच्याच काळात झाली. त्या वेळचे हवाई दल प्रमुख अनिल टिपणीस यांचं म्हणणं असं की सीमेवर हवाई शक्ती वापरायची तर आधी सरकारची मंजुरी हवी, कारण त्याने लढाईची व्याप्तीच बदलते. मलिक परतले, २५ मेला मंजुरी मिळाली आणि २६ मेच्या सकाळी हवाई हल्ले सुरू झाले. मधल्या दिवसांबद्दल आजही वाद घातला जातो. मला त्यातून एक गोष्ट पटते : उपप्रमुख निवडताना तो उद्या सकाळी प्रमुखाचं काम करू शकेल का, हे बघावंच लागतं.

दुसरं उदाहरण आनंदाचं. ८ ऑक्टोबर २०१९, हवाई दल दिन आणि दसरा एकाच दिवशी आले होते. प्रमुख भदौरिया दिल्लीजवळच्या हिंडन तळावरच्या संचलनात, आणि तिकडे फ्रान्समध्ये मेरिन्याक इथे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पहिलं राफेल ताब्यात घेत होते. त्यांच्यासोबत हवाई दलाकडून होते उपप्रमुख हरजितसिंग अरोरा. विमानाचं शस्त्रपूजन झालं, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. विमानाच्या शेपटीवरची ‘आरबी’ ही अक्षरं भदौरियांच्या नावाची, बोलणी करून आणणाऱ्याचा मान म्हणून.

उपप्रमुख हेच पुढचे प्रमुख, असंच असतं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात पक्का बसलेला आहे.

जून २०१५ ते मे २०२५ या दहा वर्षांत हे पद स्वीकारलेल्यांची नावं बघा : बीरेंदरसिंग धनोआ, शिरीष देव, अनिल खोसला, भदौरिया, अरोरा, विवेक राम चौधरी, संदीप सिंग, अमरप्रीत सिंग, सुजीत धारकर, नर्मदेश्वर तिवारी. दहा जण. त्यांतले प्रमुख झाले चौघे : धनोआ, भदौरिया, चौधरी आणि अमरप्रीत सिंग.

याचं मोठं कारण वय. एअर मार्शल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. प्रमुखाला बासष्टाव्या वर्षापर्यंत किंवा तीन वर्षं, यांपैकी जे आधी येईल तोवर राहता येतं. म्हणजे वरची खुर्ची रिकामी होईल त्या दिवशी तुमची साठी उलटून निवृत्ती झालेली नसली पाहिजे. जन्मतारखेवर कुणाचा इलाज चालत नाही. सरकारने वरिष्ठतेचा क्रम पाळला तर कोण प्रमुख होणार याचा अंदाज कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही बांधता येतो, आणि हवाई दलातली मंडळी तो बांधतातही.

भदौरियांचा जन्म १५ सप्टेंबर १९५९ चा. साठ पूर्ण झाली १५ सप्टेंबर २०१९ ला, म्हणून निवृत्ती महिनाअखेर, ३० सप्टेंबरला. त्यांचे प्रमुख धनोआही त्याच दिवशी निवृत्त होत होते. १९ सप्टेंबरला सरकारने भदौरियांचं नाव जाहीर केलं. तीसच्या सकाळी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला माणूस त्याच दिवशी हवाई दलाचा प्रमुख झाला. अमरप्रीत सिंग यांचं अंतरही थोडंच : जन्म २७ ऑक्टोबर १९६४, प्रमुखपद ३० सप्टेंबर २०२४. साठीला महिनादेखील उरला नव्हता.

विवेक राम चौधरी यांच्या बाबतीत दोन्ही मर्यादा एकाच महिन्यात आल्या. ४ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांना बासष्ट पूर्ण झाली आणि ३० सप्टेंबरला प्रमुखपदाची तीन वर्षं.

जे सहा जण प्रमुख झाले नाहीत ते कुठे कमी पडले असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर शेवटचा निकाल कॅलेंडरने दिला, इतकंच.

उपप्रमुख मोठे की एखाद्या कमांडचे प्रमुख?

वेतनश्रेणी एकच. इथे कमांड म्हणजे प्रदेशानुसार किंवा कामानुसार पाडलेला हवाई दलाचा विभाग. अशा सात कमांड आहेत : दिल्लीची पश्चिम, प्रयागराजची मध्य, शिलाँगची पूर्व, गांधीनगरची नैर्ऋत्य, तिरुवनंतपुरमची दक्षिण, बंगळुरूची प्रशिक्षण आणि आपल्या नागपूरची देखभाल कमांड. सातही ठिकाणी एअर मार्शल असतात आणि त्यांच्यातली ज्येष्ठता तारखांवर ठरते. चौधरी पश्चिम कमांडवरून उपप्रमुखपदी आले, तिवारी नैर्ऋत्य कमांडवरून.

पगार किती?

सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन महिना २,२५,००० रुपये, अधिक भत्ते. प्रमुखांचं मूळ वेतन २,५०,००० रुपये.

समोर आले तर ओळखायचं कसं?

खांद्यावर बघा. एक रुंद पट्टी आणि तिच्यासोबत दोन अरुंद पट्ट्या, हा एअर मार्शल. एकच अरुंद असेल तर एअर व्हाइस मार्शल, तीन असतील तर एअर चीफ मार्शल म्हणजे स्वतः प्रमुख. गाडीवर तीन तारे. पण देशात बरेच एअर मार्शल असतात, तेव्हा पट्ट्यांवरून हुद्दा कळतो, पद कळत नाही.

इतक्या वर येऊन ते स्वतः विमान चालवतात का?

चालवतात. ९ सप्टेंबर २०२४ ची जोधपूरची सकाळ मला विसरता येत नाही. ‘तरंग शक्ती’ हा बहुराष्ट्रीय सराव चालू होता. तिन्ही दलांचे उपप्रमुख एकाच वेळी तेजस या स्वदेशी लढाऊ विमानांतून आकाशात गेले. हवाई दलाचे अमरप्रीत सिंग आघाडीचं विमान स्वतः चालवत होते. लष्कराचे लेफ्टनंट जनरल राजा सुब्रमणी आणि नौदलाचे व्हाइस ॲडमिरल कृष्णा स्वामीनाथन हवाई दलाच्या वैमानिकांसोबत वेगवेगळ्या दोन आसनी तेजसमध्ये.

साठीला आलेला अधिकारी जी-सूट चढवून, शिडीवरून कॉकपिटमध्ये उतरून, पट्टे आवळून घेतोय, हे चित्र नजरेसमोर आणा. त्यातही तेजस हे विमान त्यांच्या ओळखीचं. अमरप्रीत सिंग मूळचे चाचणी वैमानिक, राष्ट्रीय उड्डाण चाचणी केंद्रात तेजसच्या चाचण्यांची धुरा त्यांनी वाहिलेली. तेजसच्या उत्पादनाला उशीर होतोय याबद्दल पुढे प्रमुख म्हणून ते कडक बोलले, तेव्हा बोलणारा माणूस त्या विमानात बसलेला होता. त्याच तेजसची तिसरी उत्पादन साखळी आता आपल्या नाशिकला सुरू झाली आहे आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथून पहिलं विमान उडालं.

ऑपरेशन सिंदूरमध्ये उपप्रमुखांचं काय काम होतं?

नर्मदेश्वर तिवारी यांनी २ मे २०२५ रोजी पदभार घेतला. कारवाई झाली ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री. नव्या खुर्चीत पाच दिवसही झाले नव्हते. नंतर टीव्हीवर तुम्ही जे एअर मार्शल पाहिलेत ते अवधेशकुमार भारती, हवाई मोहिमांचे महासंचालक. तिवारी त्या पत्रकार परिषदांत नव्हते. काही महिन्यांनी एका जाहीर कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की पन्नासपेक्षाही कमी शस्त्रांमध्ये समोरच्याला थांबायला भाग पाडता आलं. ते स्वतः मिराज २००० चे वैमानिक आणि चाचणी वैमानिक. कमी शस्त्रांत नेमका घाव घालणं ही त्यांच्या पिढीने कारगिलपासून शिकलेली गोष्ट आहे, म्हणून त्या वाक्याला मी महत्त्व देतो.

मराठी अधिकारी या पदावर आले आहेत का?

हो. प्रदीप वसंत नाईक उपप्रमुख होते आणि ३१ मे २००९ रोजी प्रमुख झाले. शिरीष देव जानेवारी २०१७ ते सप्टेंबर २०१८ या काळात उपप्रमुख होते. विवेक राम चौधरी यांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं, हदगाव तालुक्यातलं हस्तरा. ते १ जुलै २०२१ रोजी उपप्रमुख झाले आणि तीनच महिन्यांत प्रमुख. हस्तऱ्यासारख्या गावातून वायु भवनापर्यंत वाट जाते, हे मी मराठवाड्यातल्या शाळांत मुद्दाम सांगतो. तिथली मुलं मान वर करून ऐकतात.

तिथवर पोचायचं तर सुरुवात कुठून?

बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे ‘एनडीए’, मग हैदराबादजवळ दुंडीगलची हवाई दल अकादमी. आजवरची उपप्रमुखांची यादी पाहिली तर वैमानिक शाखा हवीच, आणि अलीकडे लढाऊ विमानांची. फ्लाइंग ऑफिसरपासून एअर मार्शलपर्यंत आठ हुद्दे. मधे स्क्वाड्रनची कमान, तामिळनाडूतल्या वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स, तळाची कमान, मुख्यालयातली वर्षं. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून ‘एनडीए’ची तयारी करून घेते आणि आता मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली.

घरच्यांना माझं एकच सांगणं असतं : मुलाला किंवा मुलीला ‘अधिकारी व्हायचंय का’ विचारण्याआधी डोळे तपासून घ्या. वैमानिक शाखेत दृष्टीच्या अटी कडक आहेत, आणि चार वर्षं तयारी करून शेवटच्या वैद्यकीय तपासणीत बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलगी कधी उपप्रमुख होईल का?

नियमाने तिला कुणी अडवत नाही, फक्त वर्षं मोजावी लागतील. वैद्यकीय शाखेतून महिला एअर मार्शल झाल्या आहेत. पद्मा बंदोपाध्याय पहिल्या, नंतर साधना सक्सेना नायर. पण उपप्रमुखपदाकडे जाणारी लढाऊ विमानांची वाट मुलींना उघडली १८ जून २०१६ रोजी, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांच्या तुकडीला. चौधरी १९८२ च्या डिसेंबरमध्ये हवाई दलात दाखल झाले आणि २०२१ मध्ये उपप्रमुख झाले. तिवारी १९८६ ते २०२५. दोघांनाही जवळपास ३९ वर्षं लागली. २०१६ मध्ये ३९ मिळवा, २०५५ येतं. खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. त्यांच्यातल्या ज्या लढाऊ वैमानिक होतील, त्यांच्यासाठी हिशोब २०६५ च्या आसपास जातो. आज दहावीत असलेली तुमची मुलगी त्यांच्या मागून काही वर्षांनी.